ताप उतरला, पण वर्गात लक्ष लागेना : डॉ. चंडी जॉन यांचे मलेरिया-संशोधन आणि आपला सिकलसेल

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना मलेरिया झाला आणि ५ लाख ९७ हजार लोक त्याने मेले. यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले. आफ्रिकेतल्या मृतांपैकी चारात तीन ही पाच वर्षांखालची मुले. हे आकडे दरवर्षी डिसेंबरच्या आसपास वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात छापून येतात आणि विसरले जातात.

या आकड्यांत एक मोठा गट कधीच मोजला जात नाही. ज्या मुलांना गंभीर मलेरिया झाला, पण जी वाचली, त्यांचे पुढे काय झाले? दवाखान्याच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे 'बरा होऊन घरी गेला' असे लिहिलेले असते. आईबाप देवाचे नाहीतर डॉक्टरचे आभार मानून गावी जातात आणि शासनाचा, दवाखान्याचा आणि संशोधकाचाही त्या मुलाशी संबंध संपतो.

हा संबंध संपू न देणारा एक डॉक्टर म्हणजे चंडी जॉन. ते अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आहेत. मुलांचे संसर्गजन्य आजार हा त्यांचा विषय. आधी मिनेसोटा विद्यापीठात होते, नंतर इंडियाना विद्यापीठात गेले. त्यांच्या कामाची खरी जागा मात्र पूर्व आफ्रिकेत आहे : केनियाचे डोंगराळ भाग आणि युगांडाची राजधानी कंपाला येथील मुलागो रुग्णालय. त्यांच्या कामाची ओळख आम्ही करून देत आहोत त्याला कारण आहे. मुलांच्या मलेरियापासून निघालेले हे संशोधन पुढे सिकलसेलपर्यंत आले, आणि सिकलसेल हा विदर्भातल्या आपल्या घराघरातला विषय आहे.

आधी त्यांच्या पदाच्या नावाविषयी थोडे. इंडियाना विद्यापीठात ते 'रायन व्हाइट प्राध्यापक' आहेत. हे नाव कुणा देणगीदार शेठजीचे नाही. रायन व्हाइट हा इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावचा मुलगा. त्याला जन्मतः हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार. त्यावरच्या रक्तघटकातून त्याला एचआयव्हीची लागण झाली आणि १९८४ च्या अखेरीस एड्सचे निदान झाले. १९८५ साली शाळेने त्याला वर्गात येऊ द्यायला नकार दिला. तो आणि त्याची आई कोर्टात लढले आणि १९८६ साली त्याला शाळेत परत जाता आले, पण गावाने त्यांना इतके छळले की त्यांना दुसऱ्या गावी राहायला जावे लागले. १९९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी तो गेला. शिवू नका, बसू देऊ नका, पाणी वेगळे ठेवा, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मुलांच्या संसर्गजन्य आजारांचे एक अध्यासन अशा मुलाच्या नावाने असावे, हे आम्हाला योग्य वाटते.

आता मूळ विषय. मलेरियाचे जंतू अनेक जातींचे असतात. त्यातला फाल्सिपेरम हा सर्वात घातक. हा जंतू तांबड्या पेशीत शिरला की ती पेशी चिकट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसते. मेंदूतल्या वाहिन्यांत हे घडले की मूल बेशुद्ध पडते, झटके येतात. याला मेंदूचा मलेरिया म्हणतात. उपचार मिळूनही यातली जवळपास पाचात एक मुले दगावतात. औषधांत सुधारणा झाली आहे. आफ्रिकेतल्या ५ हजार ४२५ मुलांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनाइनऐवजी आर्टेसुनेटचे इंजेक्शन दिल्यावर मृत्यूचे प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. मोठे यश होते ते. पण प्रश्न तिथेच राहिला : जे मूल तीन दिवस बेशुद्ध होते आणि मग उठून बसले, त्याच्या मेंदूचे काय?

डोळ्याला दिसणारे अपंगत्व सर्वांना ठाऊक होते. काही मुले घरी जाताना नीट चालू शकत नाहीत, काहींची नजर जाते, काहींना फिट येत राहते. यातले बरेचसे सहा महिन्यांत भरून निघते. त्यामुळे समज असा झाला की वाचलेले मूल जवळपास पूर्ण बरे होते. जॉन, मिशिगन राज्य विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ मायकेल बोइविन आणि कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठातले रॉबर्ट ओपोका, पॉल बंगिराना, जस्टस ब्यारुगाबा यांच्या गटाने हा समज तपासायचे ठरवले.

त्यांनी अभ्यास कसा रचला ते सविस्तर सांगतो, कारण त्या रचनेतच खरी गंमत आहे. मुलागो रुग्णालयात आलेली ५ ते १२ वर्षांची मुले घेतली. एका गटात मेंदूचा मलेरिया झालेली ४४ मुले. दुसऱ्या गटात साधा मलेरिया झालेली ५४. तिसऱ्या गटात मलेरिया नसलेली ८९ निरोगी मुले. ही निरोगी मुले कुठून आणली? शहरातल्या चांगल्या शाळेतून नाही. आजारी मुलांच्याच घरातली आणि शेजारपाजारची मुले घेतली. म्हणजे तेच घर, तीच वस्ती, तेच पाणी, तीच शाळा, तीच गरिबी. तिन्ही गटांच्या स्मरणशक्तीच्या, लक्ष एकाग्र करण्याच्या आणि शिकण्याच्या चाचण्या घेतल्या. शिवाय प्रत्येक मुलाचे पोषण, इयत्ता आणि घरातले वातावरण, म्हणजे घरात खेळणी आहेत का, कुणी त्याच्याशी बोलते का, हेही नोंदवून हिशेबात धरले.

सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा मेंदूचा मलेरिया झालेल्या मुलांपैकी २१.४ टक्के मुलांत बौद्धिक क्षमतेची ठळक कमतरता दिसली. शेजारच्या निरोगी मुलांत हे प्रमाण ५.८ टक्के होते. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. कुणीही म्हटले असते की थांबा, आणखी वेळ द्या, भरून निघेल. त्यांनी वेळ दिला. दोन वर्षांनी तीच मुले पुन्हा शोधून काढली. कंपालासारख्या शहरात, जिथे भाडेकरू कुटुंबे वर्षात दोनदा खोली बदलतात, तिथे दोन वर्षांनी तेच मूल शोधणे हे काम किती चिवट आहे, याची कल्पना सर्वेक्षणासाठी वस्तीत फिरलेल्या कार्यकर्त्यांना येईल. दोन वर्षांनंतरचा आकडा होता २६.३ टक्के, आणि निरोगी मुलांत ७.६ टक्के. वय, लिंग, पोषण, घर, इयत्ता हे सगळे हिशेबात धरूनही मेंदूचा मलेरिया झालेल्या मुलात अशी कमतरता असण्याचा धोका साडेतीन पटीहून जास्त होता.

सर्वात मोठा फरक कशात होता? लक्ष लागण्यात. मेंदूच्या मलेरियातून वाचलेल्या १८.४ टक्के मुलांना लक्ष एकाग्र करण्यात ठळक अडचण होती. शेजारच्या मुलांत ती २.५ टक्क्यांना होती.

४४ मुले ही संख्या लहान आहे, हे मान्य. एवढ्यावर थांबले असते तर आम्हीही या अभ्यासाला फार मोठे म्हटले नसते. पण पुढे याच गटाने पाच वर्षांखालच्या मुलांवर वेगळा अभ्यास केला आणि २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात आणखी एक गोष्ट कळली. मलेरियामुळे होणाऱ्या तीव्र अ‍ॅनिमियात मूल बेशुद्ध पडत नाही. रक्त कमी होते, मूल पांढरेफटक पडते, धापा टाकते, रक्त चढवले की दोन दिवसांत खेळायला लागते. या मुलांच्या मेंदूला धोका नाही असेच सगळे धरून चालले होते. वर्षभरानंतरच्या चाचण्यांत या मुलांचीही बौद्धिक क्षमता शेजारच्या निरोगी मुलांपेक्षा कमी भरली. आणि असा अ‍ॅनिमिया मेंदूच्या मलेरियापेक्षा कितीतरी जास्त मुलांना होतो.

इथे थोडे थांबून विचार करा. सहा-सात वर्षांचे पोर शाळेत बसले आहे. गुरुजींनी सांगितलेले त्याच्या डोक्यात राहत नाही. खिडकीबाहेर बघते. फळ्यावरचे अर्धेच उतरवते. त्याला दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता हे गुरुजींना माहीत नाही, आणि माहीत असते तरी त्याचा याच्याशी संबंध आहे असे वाटले नसते. गुरुजी म्हणणार, ढ आहे. जरा जास्त बोलणारे गुरुजी असतील तर म्हणणार, या लोकांची पोरे अशीच. आपल्या आजोबा-पणजोबांनी हे वाक्य ऐकले आहे, आजही काही वर्गांत ते वेगळ्या शब्दांत ऐकू येते. मुलागोच्या अभ्यासाने या वाक्याला उत्तर दिले आहे, आणि ते भाषणाने नाही, मोजमापाने दिले आहे. एकाच घरातल्या, एकाच वस्तीतल्या मुलांत तुलना करून त्यांनी दाखवले की फरक कुळाचा नाही, घराचा नाही, गरिबीचाही एकटीचा नाही. डासाच्या चाव्यातून आलेल्या आणि वेळेवर न अडवलेल्या आजाराचा तो फरक आहे. जन्माने ठरलेले म्हणून जे सांगितले जाते, त्यातले कितीतरी टाळता येण्याजोग्या आजाराचे आणि उपासमारीचे असते.

हे नुकसान भरून काढता येते का, यावरही याच मंडळींनी काम केले. मलेरियातून वाचलेल्या मुलांना संगणकावर खेळाच्या रूपात मेंदूचा सराव देऊन पाहिला. काही बाबतींत सुधारणा दिसली, पण गोळी घेतली आणि बरे झाले असा हा उपाय नाही. नुकसान होण्याआधी अडवणे हाच मुख्य मार्ग.

त्यासाठी नुकसान नेमके कशाने होते ते शोधावे लागते. आजारातला दाह, मेंदूतल्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंड अशी एकेक बाजू हा गट तपासत गेला. जॉन यांच्या सहकारी आंद्रेया कॉनरॉय यांच्या अभ्यासात गंभीर मलेरियात ज्या मुलांच्या मूत्रपिंडाला इजा झाली, त्यांच्यात पुढे बौद्धिक नुकसान जास्त दिसले. लोहाच्या औषधाबाबतही एक उपयोगी गोष्ट कळली. मलेरियाचा उपचार चालू असतानाच लोह दिले तर शरीर ते नीट वापरत नाही. २८ दिवस थांबून दिले तर जास्त वापरते, आणि रक्त भरून येण्यात मूल मागेही पडत नाही. आणखी एका मोठ्या चाचणीत, जिच्यात ओपोका सहभागी होते, युगांडा आणि केनियात तीव्र अ‍ॅनिमियातून बरी होऊन घरी गेलेल्या मुलांना तीन महिने दर महिन्याला मलेरियाविरोधी औषध दिले. त्या काळात मृत्यू आणि पुन्हा भरती होण्याचे प्रमाण खूप घटले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा उपाय आपल्या शिफारशींत घेतला. 'बरा होऊन घरी गेला' या नोंदीच्या पुढे आता निदान तीन महिने लिहिले जाऊ लागले, असे म्हणायला हरकत नाही.

केनियातले काम थोडक्यात सांगतो. तिथल्या किप्सामोइते आणि काप्सिसिय्वा या डोंगराळ भागांत साधारण ७ हजार ४०० लोक राहतात. घरोघरी औषध फवारणी आणि नवे प्रभावी औषध यांच्या जोरावर एप्रिल २००७ ते मार्च २००८ या वर्षभरात तिथे सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा एकही रुग्ण सापडला नाही. पुढे मलेरिया परत आला. फवारणीत खंड पडला की डोंगरात काय होते, हे गडचिरोलीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे.

आता सिकलसेल. मलेरियावाला डॉक्टर सिकलसेलकडे का वळला, हे कळायला १९५४ सालाकडे जावे लागेल. त्या वर्षी अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या कामावरून दाखवून दिले की सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या, म्हणजे वाहक, व्यक्तीला मलेरियापासून संरक्षण मिळते. पुढच्या अभ्यासांत गंभीर मलेरियापासूनचे हे संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास असल्याचे दिसले. ज्या प्रदेशात हजारो वर्षे मलेरिया होता, तिथे हा जनुक टिकला आणि वाढला, कारण वाहकांची मुले तापातून वाचत होती. किंमत मात्र त्यांच्यातल्या काही मुलांनी मोजली. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. ग्रस्त मुलाच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, वाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. हाडे फोडून काढावीत अशी वेदना होते, जिला आपल्याकडचे रुग्ण 'क्रायसिस' म्हणतात. अशा मुलाला मलेरियापासून वाहकासारखे संरक्षण उरत नाही. उलट आधीच कमी असलेले रक्त मलेरियाने आणखी घटते आणि मूल जिवाला मुकते.

सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध आहे. जुने आणि स्वस्त. अमेरिकेत मोठ्या माणसांवर त्याचा फायदा १९९५ साली सिद्ध झाला. पण आफ्रिकेत, जिथे जगातली बहुसंख्य सिकलसेलग्रस्त मुले जन्मतात, तिथे ते मुलांना देण्यास डॉक्टर कचरत होते. हे औषध पांढऱ्या पेशी कमी करते. जिथे मलेरिया घरोघरी आहे तिथे ते दिले तर मलेरिया वाढेल का, ही भीती खरी होती. पण भीती खरी आहे की नाही हे तपासायला वीस वर्षे कुणी गेले नाही, हेही तितकेच खरे. गोऱ्या देशांत सिद्ध झालेले औषध काळ्या मुलांपर्यंत पोचायला दोन दशके लागतात, तेव्हा त्याला केवळ सावधगिरी म्हणायला आमचे मन तयार होत नाही.

मुलागोत ही चाचणी झाली. १ ते ४ वर्षांच्या दोनशेहून थोड्या जास्त सिकलसेलग्रस्त मुलांपैकी निम्म्यांना वर्षभर हायड्रॉक्सियुरिया दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले. सर्वांना मच्छरदाणी आणि मलेरिया प्रतिबंधक औषध होते. वर्षाअखेरी दोन्ही गटांत मलेरियाच्या प्रमाणात फरक नव्हता. वेदनेचे झटके आणि सिकलसेलचे इतर त्रास मात्र औषध घेणाऱ्यांत ४५ टक्के मुलांना झाले, न घेणाऱ्यांत ६९ टक्क्यांना. त्यानंतर सर्वच मुलांना औषध सुरू केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधावर पहिले नाव ओपोका यांचे आहे. संशोधनाच्या जगात पहिले नाव कुणाचे, याला अर्थ असतो. आफ्रिकेत जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि निबंध परदेशी नावाने छापायचा, हा जुना रिवाज होता. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या सहाशेहून जास्त मुलांवर झालेल्या दुसऱ्या एका गटाच्या अभ्यासात तर औषध सुरू झाल्यावर मलेरियाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

मग प्रश्न आला किती द्यायचे याचा. गरीब देशांत सोपे म्हणून ठरावीक मात्रा देण्याकडे कल असतो. रक्ताची तपासणी वारंवार करावी लागत नाही आणि धोकाही कमी. जॉन यांच्या गटाने १८७ मुलांत तुलना केली. एका गटाला दर किलो वजनामागे रोज साधारण २० मिलिग्रॅमची ठरावीक मात्रा, दुसऱ्या गटाला रक्त तपासत तपासत वाढवत नेलेली, सरासरी २९.५ मिलिग्रॅम. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. रक्त सुधारण्याचे ठरवलेले उद्दिष्ट वाढत्या मात्रेच्या गटात ८६ टक्के मुलांनी गाठले, ठरावीक मात्रेच्या गटात ३७ टक्के. वेदनेचे झटके निम्म्याहून कमी झाले, रक्त चढवण्याची गरज तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी उरली, दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास आले. औषधाचे दुष्परिणाम दोन्ही गटांत सारखेच. २०२० साली हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले.

आता आपल्याकडे येऊ. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी लॅन्सेटमध्ये लिहिले. म्हणजे धर्मांतरानंतर दोनच वर्षांनी ही माहिती जगापुढे होती. विदर्भातल्या बौद्ध समाजात आणि गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत हा जनुक ठळकपणे आढळतो. इतर समाजांतही आहे. म्हणून याला 'जातीचा रोग' म्हणणारा माणूस विज्ञानातही चुकतो. जनुकाला जात कळत नाही, त्याला मलेरियाचा प्रदेश कळतो. जातीने काम केले ते वेगळे. जातीतल्या जातीतच लग्न लावण्याच्या नियमाने वाहक वाहकाशी जोडला जाण्याची शक्यता पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवली. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मूळ लक्षण म्हणून दाखवले होते. त्या नियमाची किंमत रक्तातही मोजावी लागते, हे आपल्या दवाखान्यांच्या बाकांवर बसलेली मुले दाखवतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चे उद्दिष्ट. तपासणी हवीच. 'निर्मूलन' हा शब्द मात्र आम्हाला खटकतो. वाहक हा रुग्ण नाही, त्याला औषध लागत नाही, तो इतरांसारखाच जगतो. दोन वाहकांनी लग्नाआधी विचार करावा, गरोदरपणात तपासणी करावी, इतकाच त्याचा अर्थ. पण तपासणीचा कागद घरी आला की मुलीचे ठरलेले लग्न मोडते आणि मुलाचा कागद मात्र कुणी मागतच नाही, असे घडते. तपासणी शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी समुपदेशनाशिवाय कागद वाटू नयेत, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

औषधाच्या बाबतीत नागपूर मागे नव्हते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन यांच्या गटाने तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांवर हायड्रॉक्सियुरियाची चाचणी करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्रा होती दर किलो १० मिलिग्रॅम. एवढ्या कमी मात्रेतही वेदनेचे झटके, रक्त चढवणे आणि भरती होणे कमी झाले. भारतातल्या सिकलसेलग्रस्तांत बाळपणीचे हिमोग्लोबिन मुळातच जास्त टिकलेले असते, त्यामुळे कंपालाचे उत्तर नागपूरला जसेच्या तसे लावता येणार नाही. मात्रा कुणी स्वतःच्या मनाने वाढवू नये, कारण रक्ततपासणीशिवाय हे औषध धोक्याचे आहे. पण डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्न आता आपल्या हातात आहे : माझ्या मुलाची मात्रा वजन वाढले तशी वाढवली का? शेवटची रक्ततपासणी कधी झाली? पाच वर्षांपूर्वी लिहून दिलेली गोळी तशीच चालू असलेली मुले आपल्या वस्त्यांत आहेत.

शाळेचाही प्रश्न आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात सिकलसेलचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियासोबत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातल्या राखीव जागांवर हक्क सांगता येतो. सरकारी नोकरीतल्या दिव्यांग आरक्षणातून मात्र याच कायद्याने रक्ताचे हे आजार वगळले आहेत. ज्या कायद्याने यांना दिव्यांग मानले, त्यानेच नोकरीच्या दारात त्यांना थांबवले, यावर आपल्या संघटनांनी अजून पुरेसा आवाज उठवलेला नाही. प्रमाणपत्रासाठी अर्ज दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्राच्या संकेतस्थळावर करता येतो आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. अर्ज करताना सिकलसेलचा निदान-अहवाल, भरती झाल्याची आणि रक्त चढवल्याची जुनी कार्डे सोबत ठेवावीत. ही कार्डे बहुतेक घरांत आईने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली असतात.